पाच मिनिटं गप बसा

मला बीपी आहे की नाही, याचा निकाल लागायला आठ दिवस गेले. मला पाच मिनिटं गप बसता येत नाही, याचा निकाल मात्र पहिल्याच दिवशी लागला आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला कळला.

मुळात मी दवाखान्यात गेलो होतो टाच दुखते म्हणून. पण टाच बघायच्या आधीच तिथल्या पोरानं शर्टाच्या बाहीवरूनच दंडाला पट्टा गुंडाळला. मे महिना, बाहेर 43 अंश ऊन. गाडी लावायला जागा मिळेना म्हणून मी तीन चकरा मारून आलेलो, आणि तीच कहाणी त्याला सांगत होतो. पट्टा फुगला तरी कहाणी चालूच. आकडा आला 156/98. पोराचा चेहरा पडला. त्याचा पडलेला बघून माझाही.

डॉक्टर निवांत होते. म्हणाले, "एका आकड्यावर गोळी नको. यंत्र घ्या, सात दिवस घरी मोजा. सकाळी दोनदा, रात्री दोनदा, मध्ये मिनिटभर थांबून. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा." दवाखान्यात मोजलं तर 140/90 ची रेघ, घरी मोजलं तर 135/85 ची. काहींचं बीपी डॉक्टरला बघूनच चढतं, त्याला व्हाइट कोट हायपरटेन्शन म्हणतात. आणि काही वस्ताद असे की दवाखान्यात एकदम गुणी आणि घरी गेले की चढे. "तुम्ही यातले कोण ते बघू," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. मी कोण ते मला ठाऊक होतं, पण बायको शेजारीच बसली होती.

चिठ्ठीत औषध एकही नाही, सगळी वागणूक. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही, फिरणं नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीला, पायावर पाय नाही. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, आणि मोजताना बोलायचं नाही. या शेवटच्या ओळीखाली त्यांनी दोनदा रेघ ओढली. म्हणाले, नुसत्या बोलण्यानं आकडा दहाएक अंकांनी चढू शकतो. मला ते पटलं. माझ्या बोलण्यानं समोरच्याचाही चढतो.

नवी पेठेतून यंत्र आणलं. दंडाचंच आणलं. मनगटाचं दिसायला घड्याळासारखं सुबक असतं, पण मनगट जरा वरखाली झालं की आकडाही वरखाली होतो. घरात यंत्र आलं ते नवीन सून आल्यासारखं. आधी आईनं बघितलं, मग मुलीनं, मग समोरच्या अक्का त्यांच्या मिस्टरांना घेऊन आल्या. आईचं वय 74, आकडा 122/74. गेली साठ वर्षं जेवणात लोणचं आणि चटणी दोन्ही लागणाऱ्या बाईचा हा आकडा. तिनं मोठ्यानं वाचून घेतला, परत एकदा वाचायला लावला, आणि मग माझ्याकडे नुसतं बघितलं. माझा नंबर येईपर्यंत यंत्रातले सेल संपले.

आता गप बसण्याविषयी. आमच्या गावात माणसाला मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषा थोड्याफार तरी येतात. गप बसणं ही चौथी भाषा. ती शिकवणारं इथं कुणी भेटत नाही.

पहिली सकाळ. साडेसहा वाजता मी खुर्चीत, पाठ टेकून, हात टेबलावर, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. पहिलं मिनिट छान गेलं. मग बायको आली.

"अहो, झोप झाली नाही का?"

मी मान हलवली.

"मग बोलत का नाही? कालचं अजून डोक्यात आहे वाटतं."

कालचं काय होतं ते मला आठवेना. ते आठवण्यात दुसरं मिनिट गेलं आणि जीव थोडा थोडा धडधडायला लागला. तेवढ्यात आईनं येऊन कपाळाला हात लावला. "अगं, ह्याचं तोंड बंद कसं? हातपाय गार तर पडले नाहीत ना?" मी खुणेनं यंत्र दाखवलं. "तोंडानं सांग की! जीभ जड झाली का?" तिसऱ्या मिनिटाला अक्का दारात. "अय्यो, अण्णाला काय झालं?" चौथ्या मिनिटाला मी ओरडलो, "मला काहीही झालेलं नाही!" आणि बटण दाबलं. 161/99. पहिल्या दिवसाचे आकडे का सोडून देतात, ते मला तेव्हा कळलं.

बुधवारचा आकडा मात्र वहीत वेगळ्या शाईनं लिहून ठेवण्यासारखा. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. किती वाजता येतं ते फक्त पाण्याला ठाऊक. त्या रात्री सगळं जमून आलं होतं. मुलगी अभ्यासाला बसलेली, आई माळ ओढत होती, बायको माहेरच्यांशी फोनवर, तेही दार लावून. साडेनऊला बसलो. पाच मिनिटं पूर्ण झाली, आयुष्यात पहिल्यांदा. बटण दाबलं. पट्टा घूं करून फुगायला लागला, आणि गल्लीच्या टोकाकडून आरोळी आली, "पाणी आलं!"

पुढचं मी केलं नाही, माझ्या पायांनी केलं. एका दंडाला फुगलेला पट्टा, त्याच्या नळीला लोंबकळणारं यंत्र, दुसऱ्या हातात बादली. मोटर लावली, पाइप टाकीत सोडला, बॅरल भरला, घागरी भरल्या, कळशा भरल्या, मग घरात जे जे खोलगट होतं ते भरलं. कुकरसुद्धा. समोरचे मिस्टर पाइप धरून उभे होते. म्हणाले, "अण्णा, ह्ये काय, नवीन मोबाईल हाय व्हय?" अकरा वाजता यंत्राकडे लक्ष गेलं, तर त्यावर नुसती चुकीची खूण लुकलुकत होती. परत मोजलं. 167/101. वहीत शेरा लिहिला: पाणी.

दरम्यान मिठाचा कायदा लागू झाला होता. एका माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सगळं मिळून साधारण एक सपाट चमचा. बायकोनं सकाळीच चौघांचे चार सपाट चमचे एका वाटीत काढून ओट्यावर ठेवले. म्हणाली, आज एवढंच. भाजी, आमटी, भात सगळं त्यातच. हिशेब दुपारपर्यंत टिकलाही असता, पण आईनं उखळ बाहेर काढलं.

शेंगाचटणी मिक्सरमध्ये होत नाही, होते ती पूड. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं उखळात घालायचं आणि दाण्याला तेल सुटेपर्यंत कुटायचं. बोटानं दाबलं की चटणीचा लाडू वळला पाहिजे, बोट तेलकट झालं पाहिजे. आणि मीठ? आईनं वाटीत हात घातला आणि मूठ तशीच उखळात सोडली. बायको म्हणाली, "आई, ते दिवसभराचं होतं." आई म्हणाली, "मग दिवसभराचीच चटणी हाय की." सकाळच्या अकरा वाजता आमचं त्या दिवसाचं मीठ संपलं. पापड, फरसाण आणि लोण्याच्या बिस्किटातलं मीठ तर अजून मोजायचंच होतं.

सासऱ्यांचा फोन आला. "जावईबापू, सैंधव खावा. त्यात बीपी नसतंय." सैंधव गुलाबी असतं, महाग असतं आणि बहुतांशी तेच सोडियम क्लोराईड असतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. जावयानं काय काय सांगावं याला मर्यादा आहेत.

मित्र मात्र धोकादायक. सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठानं आम्ही फिरतो. फिरतो म्हणजे अर्धा तास बोलतो आणि मधूनमधून पाय उचलतो. शुक्रवारी एक जण बाटली घेऊनच आला. दुधीचा रस. एक घोट घेतला तर कडूजहर.

"कडू आहे रे."

"औषध गोड असतंय व्हय बे? पी गुमान."

मी थुंकलो. एवढं एक मला पक्कं माहीत होतं. दुधी कडू निघाला तर त्यात कुकुरबिटासिन नावाचं विष असतं. उलट्या, जुलाब, रक्ताच्या उलट्या होतात आणि रक्तदाब धाडकन खाली येतो. असा रस पिऊन आपल्या देशात माणसं गेलेली आहेत. मित्र म्हणाला, "म्हणजे बीपी उतरतंच की!" बाटली तिथंच कट्ट्याशेजारी मातीत ओतली. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्या दोन दिवसांत माझे आकडे सगळ्यात चांगले आले; यावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही.

आठव्या दिवशी वही घेऊन दवाखान्यात गेलो. सहा दिवसांचे चोवीस आकडे, आणि प्रत्येकासमोर शेरा: पाणी. कुकरची शिट्टी. आई. आई. गॅसवाला. आई. मुलीचा निकाल. अक्का. डॉक्टरांनी आकड्यांच्या आधी शेरेच वाचले, दोनदा हसले, मग कॅल्क्युलेटर ओढला. सरासरी 138/87. म्हणजे रेघेच्या जरा पलीकडे, उडी मारून परत येण्याजोगं. मीठ कमी, वजन चार किलो खाली, रोज अर्धा तास चालणं, न बोलता चालता आलं तर उत्तमच, आणि तीन महिन्यांनी परत वही.

"जेवणात काय असतं?" त्यांनी विचारलं.

मी खरं सांगितलं. भाकरी, शेंगाचटणी, कांदा, कधी दही. चटणी आईच्या हातची, उखळातली. त्यांनी पेन क्षणभर थांबवलं, मग लिहिलं.

"चला, आता मी स्वतः मोजतो," असं म्हणून त्यांनी बाही वर करायला लावली, हाताखाली उशी दिली, फोन पालथा ठेवला, आणि खोलीचं दार लावून घेतलं. "पाच मिनिटं. कुणीच बोलायचं नाही."

मी डोळे मिटले. पंख्याचा आवाज, बाहेर कुणाचा तरी खोकला. गेल्या आठ दिवसांत एवढी शांतता मिळाली नव्हती. तीन मिनिटं झाली असतील.

"ती चटणी," डॉक्टर हळूच म्हणाले, "विकत देतात का हो तुमच्या आई?"

मी तोंडावर बोट ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे मान केली.