जॉनला मारलंत, वर हसवलंतही!

एकदा काय ते ठरवून टाका ना! जग वाचलं की बुडालं? १९९१च्या 'टर्मिनेटर २'मध्ये सारा कॉनरने जिवाचं रान करून मशीनच्या हातून होणारा प्रलय टाळला. श्वार्झनेगर अंगठा वर करून वितळलेल्या पोलादात गेला, आपण डोळे पुसले, विषय संपला. २००३मध्ये तिसरा भाग आला आणि म्हणतो, छे हो, प्रलय टळला कुठे, नुसता पुढे ढकलला होता. मग २००९चा आला, मग २०१५चा. आणि २०१९चा 'डार्क फेट' तर थेट म्हणाला, मधले तिन्ही विसरा, ते झालेच नाहीत. बरं, विसरलो. प्रेक्षकाला डोकं असतं कुठे!

आणि त्या बदल्यात मिळालं काय? पहिल्या काही मिनिटांत साराचा मुलगा, माणसांचा भावी पुढारी जॉन कॉनर ठार. साल १९९८, ग्वातेमालाचा समुद्रकिनारा, आई समोर बसलेली, आणि एक टी-८००, म्हणजे माणसाच्या रूपातला मारेकरी रोबो, येऊन पोराला गोळ्या घालून चालता होतो. ज्या पोरासाठी दोन अख्खे सिनेमे आपण जीव मुठीत धरून बघितले, त्याचा हा निकाल!

मारा हो, मारायला ना नाही. पण मारून नवं काही उभं करा की! स्कायनेट गेलं, आता लीजन. तेही मशीनच, तेही माणसांवरच उलटलेलं, तेही भूतकाळात मारेकरी पाठवतं, आणि वाचवायला मागून एक जण येतो. पाटी बदलली, दुकान तेच. या वेळी मारेकरी जिच्या मागे लागलाय ती डॅनी ही पुढाऱ्याची आई नसून स्वतःच पुढारी आहे, हे तर असं दडवून ठेवलंय की जणू आपण झोपलोय. अर्धा सिनेमा बघून कोणालाही कळतं!

बरं, विषय हाताशी नव्हता असंही नाही. डॅनीचा भाऊ मेक्सिकोतल्या कार कारखान्यात कामाला जातो, तर त्याच्या जागी रोबो उभा! मशीन माणसाचा जीव घ्यायच्या आधी त्याची नोकरी घेतं, २०१९ सालात याहून नेमका धागा कुठला मिळणार होता? दोन-चार वाक्यं, थोडी बाचाबाची, आणि मारामारी सुरू. पुन्हा त्याचं नाव नाही.

खरी चीड मात्र कार्लवर येते. जॉनला मारणारा तोच टी-८०० काम संपल्यावर टेक्सासात संसार थाटतो आणि पडद्यांचा धंदा करतो. लहान मुलीच्या खोलीला एकरंगी पडदे नकोत, फुलपाखरं हवीत, हे तो इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगतो की मी खो खो हसले. आणि हसता हसता संतापले! कारण त्याच घरात सारा उभी आहे. पुढचा मारेकरी कुठे उतरणार याचे मेसेज तिला इतकी वर्षं येतात, खाली 'जॉनसाठी' लिहिलेलं असतं, आणि ते पाठवणारा निघतो हा! पोटच्या पोराचा खुनी आणि आई, एका छपराखाली. अहो, हाच सिनेमा होता! साराचं काम करणारी लिंडा हॅमिल्टन एवढ्या वर्षांनी परत आलीय, तिच्या नुसत्या चेहऱ्यावर दोन तास निघाले असते. तुम्ही दिलीत किती? जेमतेम काही मिनिटं. की लगेच चला विमानात, विमानातून धरणात, आणि तिथे इतका अंधार की कोण कोणाला मारतंय ते पत्ता लागत नाही.

बरं, सरळ टुकार असता तर अर्ध्यात बंद केला असता. पण तेही नाही! हायवेवरचा पाठलाग झकास. या वेळचा मारेकरी रोबो रेव्ह-९, त्याच्या अंगातून सांगाडा वेगळा निघतो आणि दोघं दोन बाजूंनी चालून येतात, ते तर बघतच राहावं असं. सारा गाडीतून उतरून त्याला उडवते तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. म्हणजे यांना सगळं जमतं. कथा नि निर्मिती दोन्हीत जेम्स कॅमेरॉनचं नाव आहे, तेव्हा मूळचा माणूस नव्हता ही सबबही नाही.

शेवटी सारा आणि डॅनी जीपमधून निघून जातात. पुढच्या भागाची सोय! अरे, आधी या भागाची करायची होती ना.