मधले दोन ग्लास

2025 चा ऑगस्ट. बुधवारी घरोघरी गणपती बसले आणि त्याच रात्री साडेबाराला आम्ही पाचजण मांडवामागं एका मोबाइलवर डोकी घालून बसलो होतो. फुटबॉलची मॅच, आमची मँचेस्टर युनायटेड विरुद्ध ग्रिम्सबी टाउन. ग्रिम्सबी म्हणजे इंग्लंडातल्या चौथ्या पायरीवरचा संघ. हाफ टाइमला आपण 2-0 नं मागं. मग 75 व्या मिनिटाला एम्बुमोचा गोल, 89 व्या मिनिटाला मॅग्वायरचा, बरोबरी, आणि मग पेनल्टी. त्या काही केल्या संपेनात. अकराच्या अकरा मारून झाले, परत पहिल्यापासून सुरू. शेवटी एम्बुमोचा बॉल बारवर आदळला आणि 12-11 नं गेली मॅच. पिंट्यानं मोबाइल उपडा ठेवला. समई फडफडायला लागली होती, आण्णांनी तेल घातलं. कुणी काही बोललं नाही, उठून घरी गेलो.

बोलणं झालं ते गुरुवारी संध्याकाळी. ऋषिपंचमीची भाजी खाऊन सगळे कट्ट्यावर आले, भुरभुर पाऊस होता, आणि बसायच्या आधीच दिग्या सुटला.

"घालवा त्याला. आत्ताच्या आत्ता घालवा."

त्याला म्हणजे युनायटेडचा तेव्हाचा कोच रुबेन अमोरिमला.

"आणि आणणार कुणाला?" सरांनी विचारलं. सर आमच्यातले शांत, शाळेत पीटी शिकवतात. "2013 ला फर्ग्युसन गेले. त्यानंतर मोयेस, व्हान हाल, मोरिन्यो, सोल्शार, टेन हाग, मध्ये काही महिने रांगनिक, आता हा. प्रत्येकाच्या वेळी आपण हेच म्हटलंय. टेन हागला 2024 च्या जुलैत करार वाढवून दिला आणि ऑक्टोबरात काढला. असं कुठं टीम उभी राहते व्हय?"

"सर, 27 मॅचमध्ये 27 पॉइंट!" दिग्या उभाच होता. "गेल्या सीझनला लीगमध्ये त्याच्या हाताखाली 27 मॅच, त्यातल्या 14 हरलो. टीम पंधराव्या नंबरला. युनायटेड पंधरावी! आणि काल तर पेनल्टी सुरू असताना हा डगआउटमध्ये, मैदानाकडेच्या बाकावर बसून होता. बघतसुद्धा नव्हता."

हे मलाही लागलं होतं. पोरं एकेक करून तिकडं चालत जातायत आणि त्यांचा माणूस आत बसलाय. त्याआधी पावसात तो हातातल्या बोर्डावर सोंगट्या सरकवत होता, तेही डोळ्यासमोरून जात नाही.

सर मागं हटले नाहीत. पोर्तुगालच्या स्पोर्टिंग लिस्बनला 19 वर्षं लीग मिळाली नव्हती, ती 2021 ला ह्याच माणसानं मिळवून दिली. 2024 ला परत. आणि युनायटेडला यायच्या आठवडाभर आधी ह्याच पद्धतीनं मँचेस्टर सिटीला 4-1 नं हाणलं. "माणूस येडा न्हाई. त्याला त्याच्या पद्धतीची माणसं द्या, मग बोला."

इथं मला राहवलं नाही. मी चहाचे दोन रिकामे ग्लास कट्ट्याच्या फरशीवर उपडे ठेवले. "हे बघा सर. त्याचं 3-4-3. मागं तिघं, कडेला दोघं, पुढं तिघं. मध्ये उरले किती? दोन. हा कासेमिरो, वय 33. हा ब्रुनो, तिशी ओलांडलेला, आणि मुळात गोल करवून देणारा माणूस." समोर तीन खडे ठेवले. "आणि हे समोरच्याचे तिघं. ब्रुनोचा पाय पुढं जाणार, त्याचा स्वभावच तो. मग हा एकटा कासेमिरो तिघांच्या मागं पळणार. साठाव्या मिनिटाला त्याची दमछाक होते, आणि दर मॅचला आपण तेच बघतोय."

पिंट्यानं एक खडा उचलून दोन ग्लासांच्या मधून पुढं ढकलला. अडवायला मध्ये काहीच नव्हतं.

"मग उन्हाळ्यात कोण घेतलं?" मी म्हटलं. "कुन्या, एम्बुमो, सेस्को. पुढचे तिघं, मिळून जवळपास 20 कोटी पाउंड. गोल होत नव्हते हे खरं, सीझनभरात 44 झाले. पण मध्ये एकपण नाही घेतला. गळतंय स्वयंपाकघर आणि आपण रंग दिला दिवाणखान्याला."

सर म्हणाले, "ते त्यानं ठरवलं का मालकांनी, कुणाला ठाऊक?" बरोबर आहे. ग्लेझरांनी 2005 ला क्लब घेतला तो कर्ज काढून, आणि ते कर्ज टाकलं क्लबच्याच डोक्यावर. आता रॅटक्लिफ आले, चौथाईहून थोडा जास्त हिस्सा त्यांचा, तर ऑफिसातली शेकड्यानं माणसं कमी केली. पण पद्धत मालकांनी नाही ठरवली. अमद विंगर आहे, कडेनं चढाई करणारा, त्याला विंगबॅक करून बचावालाही मागं पळवायचं, हे मालकांनी सांगितलेलं नाही. 17 व्या वर्षीच आपल्या पहिल्या टीममध्ये आलेल्या, 2024 च्या एफए कप फायनलमध्ये सिटीविरुद्ध गोल मारणाऱ्या मधल्या फळीतल्या मेनूला लीगच्या पहिल्या दोन्ही मॅचना बाकावर बसवायचं, हेपण नाही.

मेनूचं नाव निघालं आणि विषय मॅकटॉमिनेवर गेला. जाणारच होता. आमच्या कट्ट्यावर ती जखम अजून ओली आहे.

लहानपणापासून युनायटेडच्या अकॅडमीत वाढलेला पोरगा. 2024 च्या ऑगस्टमध्ये साधारण अडीच कोटी पाउंडांना नेपोलीला विकला. का विकला, तर हिशेबाच्या नियमांसाठी. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर वाटून खर्चात धरतात, म्हणून तो विकला की राहिलेली किंमत वजा होते. घरात वाढलेल्याला खरेदीची किंमतच नसते, त्यामुळं तो विकला की आलेला सगळा पैसा नफा. म्हणजे नियमच असा की घरचंच पोरगं आधी बाजारात उभं करावंसं वाटावं. ॲंटनीला 8 कोटींवर घेतला, तो तेव्हा पुस्तकात जड, आणि मॅकटॉमिने गेला.

तारखा सांगतो. 21 मे 2025, बिल्बाओ, युरोपा लीगची फायनल, टॉटनहॅमकडून 1-0 नं हरलो. सगळा सीझन त्या एका मॅचवर टांगलेला होता. दोनच दिवसांनी 23 मेला मॅकटॉमिनेनं काल्यारीविरुद्ध हवेत आडवं होऊन किक मारली, गोल झाला, आणि नेपोली इटलीची चॅम्पियन. लीगमध्ये 12 गोल, आणि सीझनचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. त्या रात्री पिंट्यानं मला फोन केला आणि नुसता गप्प राहिला. मीही गप्प राहिलो.

आण्णा इतका वेळ ऐकत होते. त्यांनी त्यांच्या काळात पेठेच्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून गोलकीपिंग केलंय, उजव्या हाताची करंगळी अजून वाकडी आहे. म्हणाले, "आमच्याकडं बोर्ड नव्हता न् काय नव्हतं. शाहू स्टेडियमवर मॅच असली की सकाळी ग्राउंडवर कोण कोण आलंय ते बघायचं. एकाचा ताप उतरला नाही, एकाला गावाला जायचं. मग आहेत त्यात डाव बसवायचा. अकराजण बघून खेळ ठरायचा. ह्या गड्यानं खेळ आधी ठरवलाय आणि अकराजण त्यात कोंबतोय."

मला तरी ह्यापुढं बोलायला काही राहिलं नाही. अमोरिमला घालवा असं मी दिग्यासारखं म्हणत नव्हतो, पण त्यानं एकदा, फक्त एकदा, मध्ये तिसरा माणूस टाकून बघावा, एवढंच वाटत होतं. हरलो तर हरलो. पंधराव्या नंबरची टीम काय गमावणार होती?

"फर्ग्युसन 1986 ला आले, पहिला कप 1990 ला," सरांनी शेवटचा प्रयत्न केला.

"पण सर, तेवढ्यात त्यांनी पोरं घडवायला घेतली होती," पिंट्या म्हणाला. "हा आहे ती पोरं बाकावर बसवतोय." सरांनी मान हलवली. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

पाऊस वाढला. मी ग्लास उचलायला गेलो तर आण्णांनी हात धरला, बाजूला ठेवलेला स्वतःचा तिसरा ग्लास घेतला, उपडा केला आणि त्या दोघांच्या मागं मधोमध ठेवला. थोडा वेळ सगळे त्याच्याकडंच बघत होतो.

शनिवारी बर्नलीशी मॅच होती, युनायटेडच्या घरच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डला, आपल्याकडं संध्याकाळी साडेसातला. मांडवातली आरती सातला घ्यायची ठरली. दिग्या मोबाइलला मोठी बॅटरी आणणार होता.