मेपेक्षा दिवाळी बरी
मे महिन्याच्या सुट्टीत झांबिया-झिम्बाब्वे सीमेवरचा व्हिक्टोरिया फॉल्स धबधबा आणि बोत्स्वानातलं चोबे राष्ट्रीय उद्यान एका दमात उरकावं, हा आफ्रिका-सहलीवरच्या लेखातला सल्ला तितकासा पटला नाही. मेमध्ये धबधब्याची झांबेझी नदी दुथडी भरलेली असते. धबधब्यासमोर आपण नखशिखांत भिजतो, पण पांढऱ्या तुषारांपलीकडे काही दिसेलच याची खात्री नाही. अगदी कड्यावरच्या डेव्हिल्स पूलमध्ये डुंबायची हौस असेल, तर पाणी ओसरेपर्यंत, साधारण ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत थांबावं लागतं. चोबेतही मेमध्ये गवत उंच, हत्ती पांगलेले. नदीवर कळपच्या कळप उतरतात ते सप्टेंबर-ऑक्टोबरात.

सुट्टीच धरायची तर दिवाळीची धरा. ऑक्टोबरात ऊन मी म्हणतं, ते सोसायची तयारी हवी. झांबियाच्या बाजूचा कडा तेव्हा बराचसा कोरडा पडतो, म्हणून धबधबा झिम्बाब्वेकडूनच बघा. जून-जुलैत गेलात तर पहाटेच्या उघड्या जीपमध्ये कानटोपी हवीच (आफ्रिका म्हणजे उकाडा, हा समज पहिल्याच सकाळी उतरतो!).

आणि बोत्स्वानातला ओकावांगो त्रिभुज प्रदेश करणार असाल तर चाकांची कडक बॅग घरीच ठेवा. तिथल्या छोट्या विमानांत मऊ बॅगच चालते, तीही बहुधा हातातल्या सामानासकट 20 किलोपर्यंत.