पर्वरीच्या स्विमिंग पूलचं काम: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

पर्वरीच्या तुमच्या कॉम्प्लेक्समधल्या इनडोअर पूलच्या फायर अलार्मबद्दल तुम्ही आमच्या दुकानाला एक स्टार दिलात. हॉलमध्ये एकही स्मोक डिटेक्टर नाही, महागडे दिवे आणि वायरिंगचे वॉटरप्रूफ डबे लावून सोसायटीचे पैसे उकळले, आणि मुलांचा क्लास चालू असताना अलार्म वाजवून त्यांना घाबरवलं, असं तुमचं म्हणणं. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाईट क्लबच्या आगीत २५ माणसं गेली. त्यानंतर गोव्यात प्रत्येकाने असे प्रश्न विचारलेच पाहिजेत, म्हणून सविस्तर लिहितो.

हॉलमध्ये स्मोक डिटेक्टर मुद्दामच लावलेला नाही. या डिटेक्टरच्या आत काळ्या कप्प्यात प्रकाशाचा किरण असतो; धुराच्या कणांवर आपटून तो विखुरला की अलार्म वाजतो. वाफेच्या बारीक थेंबांनीही तो तसाच विखुरतो. गरम केलेलं पाणी, बाहेर जुलैचा पाऊस, काचा बंद. तुमच्या हॉलच्या छताला सकाळी हात लावून बघा, ओला होतो. आमच्या आधी कोणीतरी तिथे स्मोक डिटेक्टर लावलेच होते. आम्ही शिडीवर चढलो तेव्हा प्रत्येकावर प्लास्टिकची पिशवी चढवून रबरबँड लावलेला. अपरात्री खोटा अलार्म वाजत राहिला तर वॉचमन बिचारा दुसरं काय करणार? पिशवी काढून डिटेक्टर उघडला तर वायर जोडायच्या टर्मिनलवर गंजाचा हिरवा थर. कागदावर सगळं व्यवस्थित, आणि आग लागली असती तर अलार्मच्या पॅनलला पत्ताही लागला नसता. असं काम मी कोणाला करून देणार नाही.

आता हॉलमध्ये हीट डिटेक्टर आहेत, धुराने नाही तर ५७ अंश उष्णतेला वाजणारे. स्मोक डिटेक्टरपेक्षा ते उशिरा वाजतात, हे खरंच आहे. म्हणूनच आग जिथून सुरू होण्याची शक्यता जास्त, त्या पंप रूम, इलेक्ट्रिक पॅनल आणि सौनावर आम्ही जास्त लक्ष दिलं. चेंजिंग रूमबाहेरच्या कोरड्या कॉरिडॉरमध्ये आणि पॅनलच्या खोलीत स्मोक डिटेक्टर आहेत, ते तुमच्या नजरेतून सुटले असावेत. सौनात जास्त तापमानाचा वेगळा डिटेक्टर आहे. तिथे ५७ अंशांचा लावला तर सौना तापला की लगेच वाजेल.

दिव्यांचं म्हणाल तर ते शोभेचे नाहीत, अलार्मसोबत चमकणारे आहेत. आयएस २१८९ या फायर अलार्मच्या भारतीय मानकाप्रमाणे अलार्मचा आवाज किमान ६५ डेसिबल, किंवा आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा ५ डेसिबल जास्त हवा. पण टाइल्स आणि काचांच्या हॉलमध्ये आवाज घुमतो, कुठून येतोय ते कळत नाही, आणि ज्याचे कान पाण्याखाली आहेत त्याला तो नीट ऐकूच येत नाही. क्लासच्या वेळी टेस्ट घेतली ती याचसाठी, कोचला आधी सांगून. रिकाम्या हॉलमध्ये भोंगा वाजवून काय कळणार? एक मुलगा पाण्याखाली होता. समोरच्या टाइल्सवर लाल झोत उमटला तसा तो वर आला आणि थेट कोचकडे बघू लागला. तुमची मुलगी त्या दिवशी रडली, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. पण पाण्यातून बाहेर येऊन, अनवाणी, ओल्या फरशीवरून न धावता दाराकडे जायचं हे मुलांना एकदा करूनच कळतं.

डबे साध्यापेक्षा महाग आहेत, मान्य. पूलवरची क्लोरीनची हवा धातू खाते, आणि स्टेनलेस स्टीललाही सोडत नाही. १९८५ साली स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी एका इनडोअर पूलचं काँक्रीटचं छत पाण्यावर कोसळून १२ माणसं गेली. ते छत ज्या स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांवर टांगलं होतं, त्या अशाच हवेने तडकल्या होत्या. म्हणून आमचे डबे आणि केबल ग्लँड (डब्यात केबल शिरते तिथली घट्ट बसणारी चकती) प्लास्टिकचे, रबरी सील असलेले. अलार्म हाताने वाजवायचं लाल बटण काठापासून लांब, दाराजवळ आहे त्यालाही कारण आहे. ओल्या हाताच्या टप्प्यात विजेची वस्तू जितकी कमी तितकं बरं, आणि आग दिसली की माणूस दाराकडेच धावतो.

पुढची टेस्ट ठरली की सोसायटीच्या नोटीस बोर्डावर तारीख लावू. तुम्ही जरूर या, अलार्मचं पॅनल उघडून दाखवतो.

एक काम मात्र तुमच्याकडून व्हायला हवं. पंप रूममध्ये क्लोरीन पावडरचे ड्रम आणि ऍसिडचे कॅन अजून एकाच कोपऱ्यात आहेत. दोन्ही एकमेकांत मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि तो आमच्या एकाही डिटेक्टरला कळणार नाही. कमिटीला आम्ही लेखी कळवलं आहे. तुम्ही रहिवासी म्हणून आवाज उठवलात तर ते कॅन या आठवड्यातच दुसऱ्या खोलीत जातील.