हिच्यासाठी थांबूया

साठी ओलांडलेल्या बाईने डोंगर चढायचं ठरवलं की घरचे दोन प्रश्न विचारतात. पहिला, ‘कशाला?’ दुसरा, ‘मग डब्याचं काय?’ दुसरा जरा हळू विचारतात, पण खरा तोच असतो.

आम्ही चौघी नाशिकच्या एकाच शाळेतल्या. एक बँकेतून निवृत्त झाली, ती मॅनेजरीण. एकीने तेहतीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला, ती बाई. तिसरी सरकारी दवाखान्यातली सिस्टर. चौथी मी, जिने काय केलं असं कुणी विचारलं तर ‘घरीच असते’ असं सांगायची पद्धत आहे. एका लग्नात मठ्ठ्याचा तिसरा पेला संपवून मॅनेजरीण म्हणाली, “कळसूबाई करायचं राहिलंय गं.” जिलेबी पोटात असताना माणूस कशालाही हो म्हणतो.

थंडीतली एक तारीख ठरली. घोटीची एसटी पकडली. मॅनेजरीणीला नुकतं पासष्टावं लागून सरलं होतं, म्हणून ज्येष्ठांची सवलत घ्यायला तिने आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलेलं. कंडक्टरने ते पाहिलंसुद्धा नाही. “मावशी, 2023 पासून सगळ्याच बायांना अर्धं तिकीट आहे. बाई आहात हे दिसतंय की मला.” ती घोटीपर्यंत फुगून बसली. पासष्ट वर्षं कष्टाने जमवलेली आणि त्यांचा वेगळा फायदा एक रुपयाचा नाही!

घोटीहून जीपने बारी. शिखर 1646 मीटरचं, महाराष्ट्रात याहून उंच काही नाही, हे वाक्य बाईंनी जीपमध्ये दोनदा म्हणून घेतलं, आमच्याकडूनही. मॅनेजरीणीने लगेच हिशेब मांडला, “बारी गावच मुळात उंचावर आहे. म्हणजे तेवढे मीटर जीपने चढवले, आपण फक्त बाकी भरायची.” ही बाकी चक्रवाढ निघेल, हे तेव्हा कळलं नाही.

पहिल्या अर्ध्या तासात एक कायदा आपोआप लागू झाला. दमले असं कुणी म्हणायचं नाही. “जरा हिच्यासाठी थांबूया,” असं म्हणायचं. सिस्टर माझ्यासाठी थांबली, मी बाईंसाठी, बाई मॅनेजरीणीसाठी. मॅनेजरीण ‘नजारा बघण्यासाठी’ थांबली, तेव्हा तिच्यासमोर एक करवंदीची जाळी होती. चौघींच्या पाठीवरच्या पिशव्यांत मिळून दशम्या, धपाटे, खोबऱ्याची चटणी, डिंकाचे लाडू, रक्तदाबाच्या गोळ्या आणि गुडघ्याचे सात पट्टे होते. आठवा कुठे गेला याचा तपास अजून चालू आहे.

मग लोखंडी शिड्या. खालून बघताना त्या गच्चीवरच्या टाकीच्या शिडीसारख्या वाटतात, फक्त टाकी ढगात आहे. बाई म्हणाल्या, “खाली बघायचं नाही, पुढचीच्या टाचा बघायच्या.” मी मॅनेजरीणीच्या टाचा इतक्या वेळ बघितल्या की कुठली भेग कुठे आहे ते आज डोळे मिटून सांगेन.

शिडी संपली तिथे एक कॉलेजचा मुलगा भेटला. “आजी, या वयात तुम्ही म्हणजे कमाल आहे,” असं म्हणाला आणि मट्‌कन खाली बसला. सिस्टरने त्याची नाडी कधी धरली ते त्यालाही कळलं नाही. “सकाळपासून काय खाल्लंस?” तर म्हणे, फक्त चहा. त्याला दशमी दिली, लाडू दिला, बाईंनी रागावून दिलं. आणि मग चौघींच्या तोंडून एकदम निघालं, “या पोरासाठी थांबूया!” इतकं निर्दोष कारण दिवसभरात मिळालं नव्हतं. तो दहा मिनिटांत टवटवीत होऊन उठायला लागला, तर मॅनेजरीणीने खांद्याला धरून खाली बसवला. “घाई नको बाळा.”

तिथेच ताक विकणाऱ्या एका बाईने कळसूबाईची गोष्ट सांगितली. कळसू नावाची पोर एका घरी कामाला राहिली, पण अटीवर. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. बरेच दिवस नीट चाललं. एक दिवस घरातल्या कुणीतरी भांडी घासायला लावलीच. तिने घासली, केरही काढला, आणि तडक डोंगर चढून वर गेली. पुन्हा खाली आलीच नाही.

आम्ही चौघी गप्प. बाईंच्या हातातला ताकाचा पेला तसाच. चाळीस-चाळीस वर्षं आम्हीही भांडी घासली, पण अट घालायची असते हे लग्नाआधी आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. “देवी झाली त्यात नवल काय,” सिस्टर म्हणाली आणि पट्टा घट्ट करून सगळ्यांच्या पुढे चालायला लागली.

माथ्यावर देऊळ चिमुकलं आहे. आत वाकून हात जोडले. बाहेर वारा असा की पदर अलंग-मदन-कुलंगच्या दिशेने निघालेला. खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं. बाईंनी एकेक डोंगर बोट दाखवून ओळखायला लावला आणि चुकलेलीला पुन्हा विचारला. धपाट्यांची खरी चव 1646 मीटरवर कळते. मॅनेजरीणीने घरी फोन लावला. तिकडून विचारलं, “साखर कुठल्या डब्यात आहे?”

उतरण्याबद्दल मी काही बोलणार नाही. शिड्या उलट्या तोंडाने उतरतात एवढंच सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली कसे सोडावेत याचा विचार करत असताना फोन वाजला. मॅनेजरीणीची सून. “मावशी, बऱ्या आहात ना? आई म्हणाल्या, तुमच्यासाठी फार थांबावं लागलं.” तो ठेवते तोच बाईंच्या मुलाचा. मग सिस्टरचे यजमान. तिघांचाही आवाज काळजीने भरलेला.

“मी ठणठणीत आहे हो,” मी म्हटलं. “घरच्या माणसालाच जरा जपा. काल फार दमली होती, मीच थांबत थांबत आणली.” आणि फोन बंद झाल्याची खात्री करून मी मुलाला हाक मारली, मला उठवून बसवायला.