"कंपन्या आधी आल्या, तुम्ही नंतर": डोंबिवलीवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

डोंबिवली एमआयडीसीत काही फुटलं की दोन-चार दिवसांत एक मजकूर फिरायला लागतो. शब्द बदलतात, सूर तोच. थोडक्यात असा: "एमआयडीसी साठ वर्षांपूर्वीची. तेव्हा इथे माळरान होतं. स्वस्त मिळाला म्हणून तुम्ही कंपनीला खेटून फ्लॅट घेतलात, आता बोंबलता. कंपन्यांकडे सगळ्या परवानग्या आहेत. विमा आहे, भरपाई मिळते. कंपन्या गेल्या तर हजारोंच्या पोटावर पाय येईल. आणि नकोच असतील तर पाठवा पातळगंगेला, कटकट मिटेल." (पातळगंगा म्हणजे रायगड जिल्ह्यात रसायनीजवळची एमआयडीसी.)

26 मे 2016 रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, 12 माणसं गेली. 23 मे 2024 रोजी अमुदान केमिकल्समध्ये झाला, त्यात दहाहून अधिक गेली. त्यामुळे या मजकुराला नुसतं "जाऊ दे" म्हणून सोडता येत नाही. एकेक दावा घेऊ.

माळरानापासूनच सुरुवात करू. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, 1962 साली स्थापन झालं. डोंबिवलीवरून कल्याणकडे आगगाडी धावू लागली ती 1854 साली. आजदे, सागर्ली, सोनारपाडा, गोळवली, सागाव ही गावं काही फ्लॅटच्या जाहिराती वाचून वसलेली नाहीत. इथली भातशेती संपादन करूनच औद्योगिक वसाहत उभी राहिली. म्हणजे "आधी कोण" हाच निकष लावायचा तर पहिला मान आगरी शेतकऱ्याचा, आणि त्याला कोणी विचारलेलं नव्हतं.

बरं, नंतर आलेल्यांचं काय? मिलापनगर, सुदर्शननगर हा भाग एमआयडीसीचाच निवासी विभाग आहे. ज्या महामंडळाने कारखान्यांचे प्लॉट पाडले, त्यानेच राहण्याचेही पाडले. आपल्या हद्दीत नियोजन प्राधिकरणही तेच. आता हद्दीला लागून असलेल्या 27 गावांकडे बघा. 1983 साली ती पालिकेत, 2002 साली बाहेर, 2015 साली पुन्हा महापालिकेत आणि 2020 साली त्यातली 18 वगळायची अधिसूचना. आज ग्रामपंचायत, उद्या महापालिका, मधेच एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. या ओढाताणीत कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून इमारती उठल्या. त्यातल्या कितीतरी अनधिकृत. कारखाना आणि घर यांच्यामध्ये मोकळा पट्टा राखणं हे फ्लॅट घेणाऱ्या कारकुनाचं काम होतं का? ज्याच्या हातात नकाशा आणि शिक्का होता, त्याचं होतं.

शिवाय या वादात कारखाना जणू साठ वर्षं जसाच्या तसा उभा आहे असं धरलेलं असतं. शेड जुनी असेल, आतला माल जुना नाही. मालक बदलतात, उत्पादन बदलतं, क्षमता वाढते. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती ठरावीक मुदतीची असते आणि पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. स्फोट होतो तो आज रिॲक्टरमध्ये असलेल्या रसायनाचा, 1964 सालच्या सातबाऱ्याचा नव्हे.

"सगळ्या परवानग्या आहेत" हा दावा मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण तो ऐकणाऱ्याला खरा वाटतो. कोणती परवानगी, हे विचारायला हवं. प्रदूषण मंडळाची संमती 1974 च्या जल कायद्याखाली आणि 1981 च्या वायू कायद्याखाली मिळते. ती सांडपाणी आणि धुराड्यातून निघणाऱ्या वायूंबद्दल बोलते. कामगारांची सुरक्षा पाहतं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. बॉयलर पाहतं बाष्पके संचालनालय. स्फोटकं आणि पेट्रोलियम पाहणाऱ्या यंत्रणेचं मुख्यालय नागपुरात. अग्निशमनाची एनओसी आणखी वेगळी. प्रत्येक खिडकीवरचा माणूस आपल्यापुरतं बघतो, आणि त्याचं खरंही असतं.

अमुदानच्या वेळी पहिल्या बातम्या "बॉयलर फुटला" अशाच होत्या. मग कळलं, फुटला तो रिॲक्टर. हा फरक किरकोळ नाही. बॉयलर म्हणजे वाफ करणारं भांडं. त्याच्यासाठी 1923 पासून स्वतंत्र कायदा आहे, तपासणी आहे, प्रमाणपत्र आहे. रिॲक्टरमध्ये रसायनांची एकमेकांशी अभिक्रिया होते. अनेक अभिक्रिया स्वतःच उष्णता सोडतात, म्हणून भांड्याभोवतीच्या जॅकेटमधून सतत गार पाणी फिरवावं लागतं आणि आतला माल ढवळत राहावा लागतो. समजा, बॅच, म्हणजे एका वेळी भांड्यात घेतलेला माल, निम्म्यावर आहे आणि वीज गेली. ढवळणं थांबलं, थंड पाणी थांबलं. ढोबळमानाने तापमान 10 अंश वाढलं की अभिक्रियेचा वेग दुप्पट होतो. वेग वाढला की उष्णता वाढते, उष्णतेने वेग आणखी वाढतो. पेरॉक्साइडसारखा माल असेल तर सावरायला फार वेळ मिळत नाही. अशा वेळी कामाला येतो तो दाब बाहेर सोडणारा आणीबाणीचा व्हेंट, जनरेटरवर आपोआप चालू होणारा पंप आणि बॅच कधी सोडून पळायचं हे शिकवलेला ऑपरेटर. संमतीपत्राच्या झेरॉक्समध्ये यातलं काही दिसत नाही. आणि रिॲक्टरसाठी बॉयलरसारखा स्वतंत्र कायदा नाही.

इथेच "तुम्हाला माहीत होतं, तरी घर घेतलंत" हेही पाहून घेऊ. माहीत होतं? काय माहीत होतं? वास येतो, एवढं माहीत होतं. भोपाळनंतर 1989 साली घातक रसायनांचे नियम आले. त्यात स्पष्ट आहे: घातक रसायन ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठवणाऱ्या कारखान्याने कुंपणाबाहेरच्या लोकांना धोका कोणता आणि अपघात झाला तर काय करायचं, काय नाही, हे कळवायचं. अपघाताच्या वेळी काय करायचं याच्या कारखान्याच्या आतल्या आराखड्याची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी, बाहेरच्या आराखड्याची वर्षातून एकदा. डोंबिवलीत राहणाऱ्या कोणालाही विचारा, शेवटची तालीम कधी पाहिली? सर्वोच्च न्यायालयाच्या 2003 च्या आदेशानुसार गेटबाहेर फलक हवा: कोणती घातक रसायनं, किती, कचरा किती. एमआयडीसीच्या फेज टूमधून चालत जाऊन हे फलक वाचून बघा. काहींवर आकडे आहेत. काहींवर रकाने नीट आखलेले आणि आत रंग उडालेला. प्रोबेसच्या चौकशीत प्रोपार्जिल क्लोराइड या घातक रसायनाचं नाव पुढे आलं. तो अहवालसुद्धा लोकांना माहितीच्या अधिकारात मिळवावा लागला. जे स्फोटानंतर सरळपणे सांगितलं जात नाही, ते फ्लॅट बुक करताना ग्राहकाला ठाऊक असायला हवं होतं म्हणे.

त्यात मर्यादेची गंमत अशी: क्लोरीनसाठी ती 10 टन, अमोनियासाठी 60 टन. त्याखाली साठा असला की यातली बरीच बंधनं गळून पडतात. एका गल्लीत दहा छोट्या शेड, दहा मालक, प्रत्येकाचा साठा मर्यादेच्या आत. गल्लीची बेरीज कोणी करत नाही. आग मात्र मालक बघून थांबत नाही.

एक गोष्ट आपल्या, म्हणजे रहिवाशांच्या, विरुद्धही सांगायला हवी. 2014 चा हिरवा पाऊस आणि 2020 चा गुलाबी रस्ता यांनी टीव्हीवर जागा पटकावली, मंत्री येऊन गेले. पण रंग आणि वास हे स्फोटाच्या धोक्याचं मोजमाप नाही. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण फार वाढलं की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं. वास आला की तक्रार आणि गेला की शांत, या आपल्या सवयीने मूळ प्रश्न, म्हणजे आत साठवलंय काय, बाजूला राहतो.

"पोटावर पाय" या मुद्द्यात एक माणूस सोयीस्करपणे विसरला जातो: रिॲक्टरशेजारी उभा असलेला. स्फोटात पहिला तो जातो, बऱ्याचदा ठेकेदाराचा कामगार, आणि त्याचं बिऱ्हाडही जवळच्याच चाळीत असतं. सुरक्षा मागणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय कसा?

विम्याबद्दल फार बोलायची गरज नाही. सार्वजनिक दायित्व विमा कायदा 1991 चा. त्याच्या मूळ अनुसूचीत दोष कोणाचा हे न पाहता द्यायची रक्कम मृत्यूसाठी 25,000 रुपये होती आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी जास्तीत जास्त 6,000. किलोमीटरभर अंतरावरच्या इमारतींच्या काचा फुटतात तेव्हा एका हॉलच्या स्लायडिंग खिडक्यांनाही एवढे पैसे पुरत नाहीत.

राहिलं पातळगंगा. 2022 साली डोंबिवलीतल्या 156 कंपन्या तिकडे हलवायचं जाहीर झालं. अमुदान फुटली ती त्यानंतर दोन वर्षांनी. पण उद्या त्या खरोखर हलल्या तरी पातळगंगेच्या काठी गावं आहेत, नदी आहे, तिथेही माणसं पाणी पितात. मोकळा पट्टा, साठ्याची बेरीज, तालीम हे सगळं तिथे पहिल्या दिवसापासून नसेल, तर वीस वर्षांनी हाच फॉरवर्ड रसायनीच्या लोकांना येईल. आणि इथे रिकाम्या झालेल्या प्लॉटचं काय? जमिनीत मुरलेलं, मागे राहिलेल्या ड्रममधलं, टाकीच्या तळाशी साचलेलं तिथेच राहणार. दूषित जागांसाठी केंद्राने 2025 साली वेगळे नियम काढले आहेत. कंपनी हलवण्याच्या आदेशातच मातीचे आणि बोअरच्या पाण्याचे नमुने घेण्याची अट आणि खर्च कोणी करायचा ते लिहिलेलं हवं. नाहीतर त्या प्लॉटवर आधी टॉवरची जाहिरात लागेल.