टेक्सासच्या सीमेवरचा लठ्ठपणा: ताटाआधी प्लॉटचा कागद बघा

टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या काठाने राहणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या वजनाचा विषय निघाला की चर्चा थेट ताटावर येते. मैद्याच्या तोर्तिया (पातळ पोळ्या), डुकराची चरबी, सोडा म्हणजे साखरेची शीतपेयं. ब्राउन्सव्हिल भागात २००४ पासून चाललेल्या आरोग्य पाहणीत जवळपास निम्मे प्रौढ लठ्ठ आणि चारात एकाहून जास्त मधुमेही निघाले, हे खरंच आहे. पण मला विचाराल तर आधी प्लॉटचा कागद काढा.

१९५० च्या दशकापासून तिथे शहराच्या हद्दीबाहेरची, बऱ्याचदा पाणी साचणारी शेतजमीन तुकडे पाडून विकली गेली. नळ नाही, गटार नाही, पक्का रस्ता नाही. या वस्त्या म्हणजे 'कोलोनिया'. एकट्या टेक्सासात दोन हजारांवर आहेत. विक्री हप्त्याने, खरेदीखत शेवटच्या हप्त्यानंतर. मध्ये हप्ता चुकला की प्लॉट, त्यावर बांधलेल्या खोल्या आणि भरलेले पैसे, सगळं विकणाऱ्याचं. (गुंठेवारी पाहिलेल्यांना हे फार समजवायला नको.) १९९५ च्या कायद्याने याला बराच लगाम बसला, पण वस्त्या उभ्या राहून गेल्या होत्या. अशा घरात हातातला पैसा आधी हप्त्याला जातो. खाण्याला उरेल ते.

आता पाणी. आज पुष्कळ ठिकाणी नळ आलेत, तरी त्या पाण्यावर विश्वास नाही. पिण्याचं पाणी मशीनवरून विकत आणतात. पाच गॅलनचा जार म्हणजे १९ किलो. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला तो जेमतेम दीड दिवस पुरतो. घरातली एकच गाडी सकाळी कामावर गेलेली, जार संपलेला, उन्हाचा पारा ३८ वर. चालत जाण्याजोगं एकच दुकान, आणि तिथे दोन लिटरची सोड्याची बाटली. तिच्यात साधारण २२० ग्रॅम साखर, म्हणजे ५५ चमचे. याला 'वाईट सवय' म्हणणं मला पटत नाही.

'चालायला जा' हा सल्ला तर विनोदच आहे. फुटपाथ नाही, दिवे नाहीत, मोकाट कुत्री आहेत. उन्हामुळे चालायची वेळ रात्री आठनंतरची, म्हणजे नेमकी अंधाराची. त्यात अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं नसलेला एक जरी माणूस घरात असला तर सीमा पोलिसांची भीती. उत्तरेला फाल्फुरियासजवळ महामार्गावर तपासणी नाका, दक्षिणेला नदी. मधल्या पट्ट्यातच आयुष्य. मुलं अमेरिकन नागरिक असून सरकारी अन्नमदतीला हक्कदार असतात, तरी आईबाप अर्ज करायला कचरतात.

जमेची बाजू म्हणजे 'पुल्गा', शनिवार-रविवारचा बाजार. फळं-भाज्या तिथे स्वस्त असतात. पण लहान फ्रीजमध्ये आठवड्याची भाजी मावत नाही, म्हणून बुधवारपासून पुन्हा कोपऱ्यावरचं दुकान. माझ्या मते निधी द्यायचा तर आधी रस्त्यावरचे दिवे, मग ताजी भाजी मिळणाऱ्या दुकानापर्यंत आठवड्याच्या मधली एक बसफेरी. मोठं उद्यान वगैरे नंतर. सावली नसलेल्या उद्यानात एप्रिलनंतर दुपारी कोण फिरकणार?

आहारवर्ग घ्यायचेच असतील तर दवाखान्यात नकोत. वस्तीतलीच प्रशिक्षित बाई, तिला 'प्रोमोतोरा' म्हणतात, तिच्याच ओट्यावर घ्या. दुकानात मिळतच नाही अशा भाजीची पाककृती दिली की वर्ग तिथेच संपतो. 'तोर्तिया खाणं बंद करा' म्हटलं तरी तेच. त्यापेक्षा तीन कप मैद्याला अर्धा कप चरबी पडत असेल तर पाव कपावर आणा. मात्र पाणी चांगलं गरम हवं आणि गोळा झाकून अर्धा तास ठेवायला हवा. हे दोन सांगायचे राहिले तर तोर्तिया गार होताच कडक होते, मुलं ती बाजूला सारतात आणि दुसऱ्या दिवशी चरबीचा डबा पुन्हा ओट्यावर येतो.